बारा अक्षरांची भुवई

या वयात माणसाने गुडघ्यांकडे लक्ष द्यावं असं सगळे सांगतात. मी भुवईकडे दिलं. त्यापायी आठ दिवसांत एक दाढ गेली, अर्धी भुवई गेली आणि आमच्या इमारतीतली निम्मी माणसं माझ्याशी बोलेनाशी झाली. दाढ तशीही हलत होती, तिचं दुःख नाही.

हे सगळं एका इंग्रजी विशेषणामुळे झालं. विशेषण म्हणजे काय हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नाम बिचारं आपल्या जागी गप्प बसलेलं असतं आणि विशेषण त्याच्या शेजारी उभं राहून त्याच्याबद्दल जास्तीचं काहीतरी सांगत असतं. असा एक शेजारी प्रत्येक इमारतीत असतोच. आमच्याकडे तो मान निवृत्त हेडक्लार्कांचा आहे. त्यांच्याकडे पुढे येतो.

मी लिफ्टमिस्त्री. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या त्या नुसत्या आकड्यांवर. लिफ्टला शून्यापासून पुढे मोजता आलं की पुरतं, आणि मलाही तेवढंच येत होतं. अक्षरं मला बासष्टाव्या वर्षी आली आणि हिला साठाव्या. ही म्हणजे माझी बायको. दोघांनी एकाच दिवशी प्रौढांच्या वर्गात नाव घातलं. पहिल्या वर्षी आपली अक्षरं झाली, दुसऱ्या वर्षी इंग्रजी सुरू झालं. ही वाचनात माझ्या पुढे आहे असं वर्गातली माणसं म्हणतात. तिचा चष्मा नवा आहे, एवढंच मी म्हणतो.

वर्ग वॉर्ड ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर भरतो. लिफ्ट आहे, पण तिच्या दाराला कुलूप आहे आणि कुलपाला गंज आहे. मी एकदा 'जरा उघडून बघू का' म्हणून विचारलं, तर 'अर्ज करा' म्हणाले. तेव्हा अर्ज लिहिता येत नव्हता. आता येतो, तर ज्यांच्याकडे किल्ली होती त्यांची बदली झाली आहे. म्हणून आम्ही सहा म्हातारी माणसं जिन्यात दोनदा बसून वर पोचतो.

आमच्या बाईंची शिकवण्याची एक पद्धत आहे. शब्द शिकायचा तर ती वस्तू वर्गात आणायची. चमचा लिहायचा असेल तर चमचा, घागर लिहायची असेल तर घागर. पहिल्या वर्षी आम्ही पिशव्या भरभरून शब्द वाहिले. घागरीच्या दिवशी तर मला वाटलं, निरक्षर होतो तेच हलकं होतं. पण शब्द पक्का बसतो, हे खरं. पुढे विशेषणं आली तेव्हा काम अवघड झालं. आंबटला लिंबू चाललं. खरबरीतच्या दिवशी हिने घरून काहीच आणलं नाही. माझा हात मनगटाला धरून उचलला आणि वर्गभर फिरवला. बाईंनी तिला शाबासकी दिली. हात माझा होता याची कुठे नोंद झाली नाही.

तर इंग्रजी विशेषणांच्या चिठ्ठ्या निघाल्या. इस्त्रीवाल्या मावशींना 'चुरगळलेला' आला. हिला 'हट्टी' आला. मोचीकाकांना 'अरुंद', वॉचमनला 'पोकळ', फुलवाल्या आजींना 'कोमेजलेलं'. मला आला 'टॉल', म्हणजे उंच. चार अक्षरं, त्यातली दोन सारखी. माझी सगळी हयात उंच इमारतींच्या पोटात दोराला लटकून गेली, आणि मला उंच शिकवतात.

मी म्हटलं, "बाई, हा शब्द मावशींना द्या. त्यांना झेपेल. मला जरा वजनदार असेल तर बघा."

मावशी म्हणाल्या, "का हो मिस्त्री? आम्ही काय हलक्या शब्दांच्या का?"

"तसं नाही मावशी," मी म्हटलं. पण कसं, ते काही मला सांगता आलं नाही.

बाईंनी कपाटातून जाडजूड शब्दकोश काढला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "डोळे मिटा, पान उघडा आणि बोट ठेवा. जो निघेल तो तुमचा. मग तक्रार चालणार नाही."

बोट पडलं ते 'सुपरसिलियस' या शब्दावर. अक्षरं मोजली, बारा भरली. पुन्हा मोजली, पुन्हा बाराच. मी वर्गाकडे असं बघितलं जसं काही ती बाराही अक्षरं मीच जोडली होती.

बाईंनी अर्थ सांगितला. लॅटिन नावाची एक जुनी भाषा आहे. तिच्यात 'सुपर' म्हणजे वर आणि 'सिलियम' म्हणजे पापणी. पापणीच्या वर काय असतं, तर भुवई. म्हणून भुवईला ते लोक 'सुपरसिलियम' म्हणायचे. जो माणूस भुवई चढवून समोरच्याकडे बघतो, त्याला कस्पटासारखा लेखतो, तो सुपरसिलियस.

मला हे फार आवडलं. आपल्याकडे माणसाला गर्व झाला की त्याचं नाक वर जातं, मान ताठ होते, छाती पुढे येते, पाय जमिनीला लागेनासे होतात. म्हणजे जवळजवळ सगळं शरीर कामाला लागतं. त्या लोकांनी तेच काम एका भुवईत भागवलं. मिस्त्री म्हणून सांगतो, जितके सुटे भाग कमी तितकं यंत्र चांगलं.

"हा शब्द माणसाला लागतो," बाई पुढे म्हणाल्या. "नजरेला लागतो, हसण्याला लागतो, बोलण्याच्या सुराला लागतो. निर्जीव वस्तूला सहसा लावत नाहीत."

"लिफ्टला?" मी विचारलं. "काही लिफ्ट मजल्यापासून वीतभर वरच थांबतात आणि माणसाला उडी मारायला लावतात. अशी लिफ्ट?"

बाईंनी खरोखर विचार केला. त्यांचा हा गुण आहे. मग म्हणाल्या, "नाही. तिचा काही तसा हेतू नसतो."

मी शब्द वहीत उतरवून घेतला आणि ऐटीत घरी आलो. दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या त्या पडलेल्या चेहऱ्याने. पुढच्या शुक्रवारी तपासणी अधिकारी येणार होते. आमची खोली वॉर्ड ऑफिसला मोडक्या खुर्च्या ठेवायला हवी होती, आणि वर्ग चालू ठेवायचा की खुर्च्या, हे ते साहेब ठरवणार होते. पटावर किमान सहा माणसं लागतात. आम्ही मोजून सहा होतो. प्रत्येकाने आपला शब्द वस्तूसह करून दाखवायचा. ज्याचं प्रात्यक्षिक झालं नाही त्याला गैरहजर धरणार. म्हणजे पाच. म्हणजे खुर्च्या.

"आणि नावं, शब्द, सगळी यादी कालच गेली," बाई म्हणाल्या. "मिस्त्री, तुम्ही वस्तू काय आणणार?"

तोवर माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. लिंबू बाजारात मिळतं. दुसऱ्याला तुच्छ लेखणारी भुवई मिळायची तर तिच्या खालचा माणूस बरोबर आणावा लागतो, आणि तोही तीन मजले चढवून.

मावशी आधी कपड्यांच्या गठ्ठ्यांना रंगीत दोरे बांधून गिऱ्हाइकं ओळखायच्या. आता गठ्ठ्यावर नाव लिहितात. जाताना मला जिन्यात म्हणाल्या, "मिस्त्री, माझं जोडाक्षर अजून कच्चं आहे. तुमच्या मोठ्या शब्दापायी माझी खोली घालवू नका."

घरी येऊन मी हेडक्लार्कांचा सल्ला घेतला. खरं म्हणजे मी फक्त दार उघडलं होतं, सल्ला आपणहून आत आला.

"सोपं आहे," हेडक्लार्क म्हणाले. "आपल्या इमारतीत अशी माणसं कमी आहेत का? खालचे दाताचे डॉक्टर घ्या. सहा वर्षं मी त्यांना नमस्कार करतोय. एकदा मान हलवली असेल तर शपथ. भुवई बघा त्यांची, कायम छताला."

"पण त्यांना सांगायचं काय?"

"सांगायचं कशाला? 'एका सरकारी कार्यक्रमाला चला' म्हणा. असली माणसं हो म्हणतातच."

मी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. बाहेर कुणी नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "बसा." आत बसायला एकच खुर्ची होती, ती पेशंटची. मी बसलो. ती आपोआप मागे गेली.

"डॉक्टर, शुक्रवारी सकाळी मोकळे आहात का?"

"तोंड उघडा."

एकदा तोंड उघडल्यावर माणसाला निमंत्रण देता येत नाही. मी प्रयत्न केला, त्यातून जो आवाज आला त्याला डॉक्टरांनी दुखणं समजून इंजेक्शन काढलं. पण एक सांगतो, त्यांची भुवई मला त्या वेळी चार बोटांवरून दिसली. डावी खाली आणि उजवी पार वर, पुलासारखी. अशी भुवई आपल्या वर्गात येणार या आनंदात माझी दाढ कधी निघाली ते मला कळलंही नाही.

हात धुताना डॉक्टर म्हणाले, "लोक म्हणतात मी ओळख देत नाही. काय करू, मला चेहरे लक्षातच राहत नाहीत. दात राहतात. तुम्ही तोंड उघडलंत तेव्हा म्हटलं, अरे, हे तर आपले वरच्या मजल्यावरचे मिस्त्री. तुमच्या शेजारच्या हेडक्लार्कांनी एकदा जरा दात दाखवून हसून नमस्कार केला तर त्यांनाही ओळखीन."

आता या माणसाला सुपरसिलियस म्हणून उभा करायचा कसा? मी तोंडात कापूस धरून घरी आलो. हिने विचारलं, "येणार का डॉक्टर?" मी मान हलवली. "मग गेलात कशाला?" यालाही मी मानच हलवली. नंतर दोन दिवस मला बोलता आलं नाही, तेवढे ती सुखात होती.

दुसरा उपाय मला स्वतःला सुचला. शब्दच बदलून घ्यायचा. 'टॉल'ला काय वाईट होतं? चार अक्षरं, सुटसुटीत. बाईंनी सांगितलं की यादी आता ऑफिसची झाली, बदल हवा तर खिडकीवर जावं लागेल. गेलो. खिडकीमागे एक कारकून.

"शब्द बदलायचा आहे," मी म्हटलं.

"नावात बदल खिडकी दोन."

"नाव नाही. नावापुढचा शब्द."

"आडनाव?"

"विशेषण."

"पदवी आहे का ती? पदवी असेल तर मूळ प्रमाणपत्र लागेल."

"पदवी नाही हो. मी उंच होतो, मग मीच सुपरसिलियस मागून घेतलं. आता मला परत उंच व्हायचं आहे."

कारकुनाने वर बघितलं. आणि काय सांगू, त्याची एक भुवई अशी सरसर वर गेली की खिडकीच्या चौकटीत मावेना. दुसरी होती तिथेच. नजर माझ्या टकलापासून चपलेपर्यंत आली आणि तशीच परत गेली. मी अर्ज विसरलो.

"तुम्ही शुक्रवारी आमच्या वर्गात याल का?" मी विचारलं.

"कशासाठी?"

"नमुना म्हणून."

"कशाचा?"

मी तो शब्द सांगितला. तो कारकुनाला माहीत नव्हता. पण खिडकीमागचा माणूस असं कबूल करत नाही. तो म्हणाला, "तसं लेखी द्या. आमंत्रणावर शब्द स्पष्ट पाहिजे."

मी तिथेच टेबलावर कागद घेऊन आमंत्रण लिहिलं, बाराही अक्षरं जागच्या जागी. कारकुनाने ते घेतलं, वाचण्यासाठी मान मागे टाकली, पुन्हा भुवई वर. मग चष्मा काढून पुसत म्हणाला, "हा दोन भागांचा चष्मा नवीन घेतलाय. खालच्या काचेतून बघायचं तर भुवई वर करावी लागते, नाहीतर घसरतो. बायको म्हणते आजकाल तुम्ही माझ्याकडे कसंतरीच बघता. तिला काय सांगू?"

मी म्हटलं, "दांडीचा स्क्रू ढिला आहे." खिशात लहान पेचकस असतोच. स्क्रू आवळून दिला, चष्मा बसला, भुवई खाली आली. माझा दुसरा नमुना मी माझ्याच हाताने दुरुस्त करून टाकला. शब्दबदलाचा अर्ज मात्र नमुना उपलब्ध नसल्यामुळे घेता आला नाही. इथे नमुना म्हणजे फॉर्म.

एव्हाना हेडक्लार्कांनी सगळ्या इमारतीत सांगून ठेवलं होतं की मिस्त्री गर्विष्ठ माणसांची यादी करतायत आणि ती वॉर्ड ऑफिसला जाणार आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात मला अडवलं, "आमचं नाव आहे म्हणे." मी नाही म्हटलं, त्यांचा विश्वास बसला नाही. समोरचे गायनमास्तर वेगळ्याच कारणाने रागावले. ते म्हणाले, "एवढ्या वर्षांत आमचं नाव घ्यावंसं वाटलं नाही तुम्हाला? आम्ही कुणीच नाही का?"

बुधवार उजाडला. हेडक्लार्क पुन्हा आले. "दुसऱ्यांच्या मागे कशाला लागता? तुम्हीच करा. एक भुवई वर, झालं प्रात्यक्षिक."

मी आरशासमोर उभा राहिलो. माझ्या भुवया जोडीने वर जातात. दोन्ही वर गेल्या की माणूस गर्विष्ठ दिसत नाही, त्याचं काहीतरी हरवल्यासारखा दिसतो. ही भाजी निवडता निवडता बघत होती. म्हणाली, "चष्मा शोधताय का?"

हेडक्लार्क म्हणाले, "एकीला धरून ठेवा. दुसरी आपोआप शिकते." त्यांनी घरून जखमेवर लावायची चिकटपट्टी आणली आणि माझी उजवी भुवई गालापर्यंत ताणून डकवून टाकली. मी दिवसभर डावीला वर-खाली केलं. ती तशी शिकतही होती. संध्याकाळी पट्टी काढायची वेळ आली. हळू काढावी असं माझं मत होतं. झटक्यात काढतात असं हेडक्लार्कांचं मत होतं. पट्टीचं टोक त्यांच्या हातात होतं.

पट्टी निघाली, बरोबर अर्धी भुवई निघाली. हेडक्लार्कांनी ती उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, "पट्टी चांगल्या कंपनीची आहे."

गुरुवारी हिने काजळाने गेलेली अर्धी भुवई रेखून दिली. तिचा हात चांगला आहे, पण माझं कपाळ सुरकुत्यांचं. रेघ एका सुरकुतीवर चढली आणि नको तेवढी वर गेली. त्या दिवशी मी ज्या ज्या माणसाला भेटलो त्याने विचारलं, "माझं काही चुकलं का?" आणि गंमत अशी की ती रेखलेली भुवई हलत नव्हती, म्हणून प्रात्यक्षिक म्हणून तिचा उपयोग शून्य. बाईंनी बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "मिस्त्री, साहेबांना चित्र चालणार नाही. पुसून टाका."

शुक्रवारी सकाळी मी अर्ध्या भुवईने आणि रिकाम्या हाताने वर्गात जाऊन बसलो. बाकी सगळ्यांच्या मांडीवर पिशव्या होत्या.

साहेब आले. तीन मजले चढून त्यांना धाप लागली होती. पाच मिनिटं ते नुसते पाणी प्यायले. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. मग त्यांनी फॉर्म काढला आणि सुरुवात झाली. मोचीकाकांनी अरुंद बूट दाखवला. वॉचमनने पोकळ नळी दाखवली आणि तिच्यातून साहेबांकडे बघितलं. आजींनी कोमेजलेला हार दाखवला. हिने पिशवीतून एक बरणी काढली, तिचं झाकण तीन वर्षं उघडलेलं नाही. इंग्रजीत अशा झाकणाला हट्टी म्हणतात असं तिने स्वच्छ वाचून दाखवलं. साहेबांनी झाकण फिरवून बघितलं. मग उभं राहून फिरवलं. मग बरणी खाली ठेवून अंगठा चोळत म्हणाले, "मान्य."

मग मावशी उठल्या. हातात चुरगळलेला सदरा. सदरा बघून त्यांचे हात शिवशिवत होते, तरी त्यांनी तो तसाच आणला होता. फळ्यावरचा शब्द त्या एकेक अक्षर लावत वाचायला लागल्या. मधे एका अक्षरावर अडल्या. मला ते अक्षर येत होतं. मी घसा खाकरून ते मोठ्याने सांगितलं.

मावशी थांबल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या हातातून शब्दच सुटून गेला. पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. त्यांनी शेवटी वाचला, पण आवाज खाली गेला होता. मला त्या वेळी माझा चेहरा दिसत नव्हता. मावशींचा दिसत होता, आणि त्यावरून माझा कसा असेल ते कळलं.

"पुढचे," साहेब म्हणाले.

मी उभा राहिलो. शब्द फळ्यावर लिहिला. पापणी सांगितली, पापणीच्या वरची भुवई सांगितली. माणसाला, नजरेला, हसण्याला, सुराला लागतो. लिफ्टला लागत नाही, तेही सांगितलं.

"छान," साहेब म्हणाले. "वस्तू?"

"साहेब, आठ दिवस शोधली," मी म्हटलं. "ज्याला त्याला जवळ जाऊन बघितलं तर कुणाला चेहरे लक्षात राहत नव्हते, कुणाचा चष्मा घसरत होता. मिळाली ती आत्ता, तीन मिनिटांपूर्वी. मीच आहे ती वस्तू. 'टॉल' शब्द मला लहान वाटला, म्हणून मी तो मावशींना द्या म्हणालो. आत्ताही त्या वाचत होत्या, मधे मी तोंड घातलं. मावशी, चुकलं माझं."

मावशी सदऱ्याची घडी घालायला लागल्या. साहेबांनी पेन उचललं, फॉर्मवर आणलं आणि थांबले.

"अडचण आहे," ते म्हणाले. "प्रात्यक्षिकात वस्तू हजर पाहिजे. तुम्ही आत्ता चूक कबूल केलीत. जो चूक कबूल करतो तो हा शब्द राहत नाही. म्हणजे वस्तू होती, पण मी नोंद करायच्या आत गेली."

मी बाईंकडे बघितलं. बाई फळ्याकडे बघत होत्या. साहेबांचं म्हणणं तर्काला धरून होतं, हेच वाईट होतं. माझ्या आयुष्यात एकदाच मी भर सभेत नमतं घेतलं आणि त्याने वर्ग बुडत होता.

तेवढ्यात ही उठली. पदर सारखा करत अगदी साधेपणाने म्हणाली, "साहेब, होऊ दे ते. तुम्हाला एवढे जिने चढावे लागले. खालची लिफ्ट का हो बंद आहे?"

"लिफ्ट?" साहेब म्हणाले. त्यांनाही विषय बदललेला हवा होता. "तिचा दोर जुना झालाय. दोर जुना झाला की लांब होतो, म्हणून ती वर पोचतच नाही, दुसऱ्या मजल्यापर्यंतच येते. आमच्या लेखा विभागाने स्वतः पाहणी केली आहे."

मी काही बोललो नाही. देवाशपथ, एक अक्षर बोललो नाही. मी फक्त साहेबांकडे बघितलं.

"आली," मावशी म्हणाल्या.

"बघा, बघा, उजवी," मोचीकाका म्हणाले.

"अर्धीच आहे, पण केवढी वर गेली," आजी म्हणाल्या.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. ते खुर्चीत थोडे मागे सरकले, जसं कुणी उंचावरून त्यांच्याकडे वाकून बघत असावं. चाळीस वर्षं लटकून काम केलेल्या माणसाला लेखा विभागाने दोराची माहिती दिली की काय होतं, ते माझ्या कपाळावर आपोआप होत होतं. आरशापुढे दिवसभर जे जमलं नाही ते.

"चाळीस वर्षं बघतेय," ही खाली बसत म्हणाली. "लिफ्टबद्दल दुसरं कुणी बोललं की ती जाते वर. त्यांना कळतसुद्धा नाही."

साहेब हसायला लागले. आधी नाकातून, मग तोंडाने, मग खोकला आला. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग मिस्त्री, लिफ्ट कशाने बंद आहे?"

उत्तर जिभेवर होतं. दोन-तीन उत्तरं होती. मी मावशींकडे बघितलं, मग म्हटलं, "साहेब, उघडून बघितल्याशिवाय नाही सांगता येणार. मलाही चुकेल."

"सोमवारी किल्ली शोधायला सांगतो," ते म्हणाले आणि फॉर्म पुढे ओढून लिहायला लागले.

मी त्यांच्या समोर उभा होतो, त्यामुळे अक्षरं मला उलटी दिसत होती. माझ्याबद्दल लोकांनी आजवर पुष्कळ काही लिहिलं असेल, कामाच्या वह्यांत, हजेरीवर, तक्रारींच्या कागदांवर. मी खाली अंगठा दिला. माझ्याबद्दल कुणीतरी लिहीत असताना मी ते वाचतोय, हे पहिल्यांदाच होत होतं. साहेबांचं अक्षर घाईचं होतं. मी एकेक लावत गेलो. 'वस्तू' लागलं. 'प्रत्यक्ष' जड गेलं, तिथे दोनदा मागे आलो. मान तिरकी करून करून दुखायला लागली. साहेबांच्या ते लक्षात आलं असावं, कारण लिहून झाल्यावर त्यांनी कागद उचलला नाही, माझ्याकडे फिरवून ठेवला आणि पेनाला टोपण लावत बसून राहिले.

वस्तू प्रत्यक्ष पाहिली. सहाही हजर. वर्ग चालू ठेवावा.

मी ते मोठ्याने वाचलं, शेवटच्या शब्दापर्यंत. वर्गात कुणी मधे बोललं नाही. हिच्या डोळ्यांवरून मला कळलं की तिचं केव्हाच वाचून झालं होतं, तेही उलट्या बाजूने. ती गप्प होती. तिच्या दोन्ही भुवया जागच्या जागी होत्या.